खातंय कोण?

३ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. गॅरेज लहान, पण फरशी पुसलेली आणि पाने मापाप्रमाणे टांगलेले. मालक भला वाटला, चहा स्वतः आणून दिला. माझ्याआधीचा इलेक्ट्रिशियन म्हणे वाळत वाळत गेला. पट्ट्याला दर आठवड्याला नवं भोक पाडायचा. मला काय त्याचं? इथे टिकलो तर वरची खोली मिळेल आणि बायकोला मेहुण्याच्या घरातून आणता येईल. निघताना मेहुण्याने सगळ्यांदेखत विचारलं, परतीचं तिकीटही काढलंत ना? बायकोही हसली. ते हसू मी विसरलेलो नाही.

५ मार्च
कोपऱ्यातली करडी गाडी मालकाची. बॅटरी भरून ठेवली की तिसऱ्या दिवशी उतरलेली. दोष काढलात तर खोली आजच तुमची, म्हणाला. आमच्या धंद्यात अशा वेळी एकच प्रश्न विचारतात: खातंय कोण? बॅटरीच्या वायरीत मीटर अडकवला. बंद गाडीत पस्तीस मिलिअँपिअर दिसायला हवेत, दिसले चारशे दहा. एकेक फ्यूज उपटत गेलो. डिकीच्या दिव्याचा काढला आणि आकडा पस्तीसवर आला. म्हणजे झाकण लावलं तरी दिवा जळतोय, शेंबडं पोरही सांगेल. बल्ब काढून खिशात टाकला, फ्यूज परत बसवला आणि ऐटीत सांगितलं, झालं काम. बायकोलाही लगेच कळवलं, खोली मिळाली, सामान बांध.

६ मार्च
चारशे दहा. बल्ब नाही, तरी चारशे दहा! वायर वीत वीत तपासली, कुठे खरवडलेली नाही. गॅरेजचा वेल्डर माझ्याकडे बघत म्हणाला, साहेबांना आधीच्या शोरूममधून का हाकललं ते आता कळलं. सगळे खदखदून हसले. तो हसतोही हुबेहूब मेहुण्यासारखा.

८ मार्च
फोन व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला. झाकण लावताच मीटर पस्तीसवर. पाच मिनिटांनी काढला तर फोन मेलेला. ठेवताना नव्वद टक्के होता. रिकामी डिकी पुन्हा लावली — चारशे दहा.
चटईखाली एक पट्टा सापडला. शेवटचं भोक माझ्या मनगटाला बसेल एवढं.

९ मार्च, सकाळ
मालक म्हणतो, सोडा तो नाद, आधीचाही आत बसून बघायचा. बसत असेल. त्याला जमलं नाही, मला जमेल. बायको उद्या पोचतेय, तिला मी काय दाखवू? वही घेऊन आत बसतोय. मालक आकडे ओरडून सांगेल, पाच मिनिटांनी उघडेल.

९ मार्च, डिकीत
उजेड आला. पिवळसर, मंद. लिहिता येतंय.

मालक ओरडला, पस्तीस! दोष सापडला म्हणतो, आता बॅटरीला कोणी खात नाही — वेल्डरला बोलवायला पळाला —

उघडा म्हणून ओरडलो. आवाज निघाला नाही.

उजेड वाढतोय. हाताची हाडं दिसतात —

लग्नाची अंगठी बोटातून गळून पडली. घट्ट होती —

मेहुणा म्हणेल, इथेही टिकला ना—

बल्ब माझ्या खिशात आहे. बॅटरीला कोणी खात नाही. मग हा उजेड कोणाला खा—