वंशावळीतल्या तीन पोरी

तात्या,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून कुठल्याच जागेला टिकलेलो नाही. सध्या सुप्याला आहे, एमआयडीसीत, पॅकिंगला. त्याआधी शिर्डीत एका लॉजवर होतो, त्याआधी कांद्याच्या टेम्पोवर. टेम्पोवाला बरा माणूस होता, गाडी चालवताना झोप येऊ नये म्हणून मोठ्यानं पाढे म्हणायचा, तेही सतराचा, एकोणतीसचा. तुम्हाला आवडला असता. पण मला सांगायचंय ते वंशावळीचं, आणि बघा, पहिल्याच परिच्छेदात भरकटलो.

शाळेतून निवृत्त झालात आणि तुम्ही कॉम्प्युटर आणलात. आपल्या घरात टीव्हीच्या जागी तो बसला म्हणून आई चार दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. वंशावळीचा तो प्रोग्राम कुणीतरी तुम्हाला सीडीवर दिला होता. माणसागणिक एक चौकोन, चौकोनाला रेघा, खाली कोपऱ्यात एकूण माणसांचा आकडा. एका बोटानं टाइप करायचात, आणि आकडा एकानं वाढला की चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघायचात, जणू वर्गात कुणीतरी हजर झालं. दाखल्यासाठी वंशावळ मागायला भावकी दारात यायची. आपले थोरले काका एकदा उंबऱ्यात उभं राहून म्हणाले होते, "मास्तर, पोरींची नावं कशाला घालत बसता? दाखल्याला न्हाई लागत त्यांचं कायी." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मला लागतं." काका गेल्यावर आई हसली. चार दिवसांचा अबोला तिथं सुटला.

सगळी भावकी मिळून एकच फाईल होती. ती गेली की सगळे गेले, म्हणून दर रविवारी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, प्रत्येक वेळी नव्या तारखेची, जुनीवर नवी घालायची नाही. हे काम माझं. का, तर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तोही अर्धा. पेनड्राइव्ह देवघराशेजारच्या खिळ्याला. रविवारी जेवताना तुम्ही विचारायचात, "बॅकअप घेतला का?" आणि मी म्हणायचो, घेतला. सुरुवातीला घेतलाही. मग क्रिकेट, मग कुणाची तरी गाडी धुवायची, मग उगाच. दीड वर्ष मी दर रविवारी घेतला म्हणत राहिलो. तुम्ही कधी तपासलं नाही. शाळेत पोरांच्या वह्या रोज तपासणारे तुम्ही.

त्याच दीड वर्षात आपण पुणतांब्याला गेलो. तुमची चुलती, नव्वदीची, वसरीवर पोत्यावर बसलेली. तिची एकुलती एक लेक, म्हणजे माझी आत्या, घरजावई केल्यामुळं तिथंच नांदते. ती त्या वेळी रानात गेली होती. तुम्ही माणसांची माहिती लिहून घ्यायचा फॉर्म काढता, मुलं किती विचारता. म्हातारी म्हणते, "ही येक जगली. हिच्या आदी तीन गेल्या. पोरीच. बाराव्या दिसाच्या आत."

"नावं?"

"बारसंच न्हाई झालं तर नावं कुठली असत्याल, मास्तर?" मग बराच वेळ ती पदराची कड चोळत बसते. "पर मी ठिवली हुती. मनात. कुनाला सांगितली न्हाईत, मालकाला बी न्हाई." आणि माझ्याकडं बघून, "ए बाळा, तू जरा भायेर जा."

मला तेवढंच हवं होतं. मी गोदावरीवर जाऊन कुणीतरी जाळं टाकत होतं ते बघत बसलो. परत आलो तर तुम्ही फॉर्मची घडी घालून खिशात ठेवत होता. गाडीवर मी विचारलं, काय नावं सांगितली? "घरी गेल्यावर टाइप करतो, तेव्हा बघ," म्हणालात. मी बघितलं नाही.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला, दरवर्षीप्रमाणे, मशीनमधे टाइप करून झालेले, हातानं भरलेले फॉर्म घेऊन आपण नदीवर गेलो. गेलेल्या माणसांची नावं असलेला कागद रद्दीत जाऊ द्यायचा नाही, उद्या त्यात कुणीतरी भजी बांधील, हा तुमचा नेम. पिशवीभर कागद तुम्ही एकेक करून पाण्यात सोडलेत. मी म्हणालो, असू द्या की कपाटात. "आता मशीनमधे आहेत ना सगळे," तुम्ही म्हणालात, "आणि बॅकअप आहे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. ओला कागद आधी तरंगतो, मग अक्षरं वर करून थोडा वेळ तसाच राहतो. तेवढा वेळ होता मला.

दिवाळीनंतर तुम्हाला झटका आला. नगरच्या दवाखान्यात तुमचं तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द नीट येत नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जो एक शब्द कळला तो "बॅकअप". आई म्हणाली, "ह्यांचं काय तरी राहिलंय, बघ बाबा." मी कपडे आणायला म्हणून घरी आलो आणि त्या दीड वर्षात पहिल्यांदा खरंच पेनड्राइव्ह खिळ्यावरून काढला. पडद्यावर दोन बटणं एकाखाली एक होती. एकानं प्रत बाहेर जाते, दुसऱ्यानं जुनी प्रत आत येऊन आहे त्या फाईलवर बसते. मी घाईत दुसरं दाबलं. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी न वाचता हो म्हटलं. मग कोपऱ्यातला आकडा बघितला. तो कमी झाला होता, तात्या. पुणतांबा नव्हतं. त्या दीड वर्षातलं कुणीच नव्हतं. घाबरून मी जे दिसेल ते दाबलं, मशीन बंद केलं, चालू केलं, आकडा तोच. पुढं बऱ्याच दुकानांत ते मशीन घेऊन गेलो, सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली.

दवाखान्यात येऊन मी तुमच्या कानाशी म्हणालो, घेतला. तुम्ही डोळे मिटलेत. चौथ्या दिवशी गेलात.

गेल्या वर्षी थोरल्या काकांच्या पोरानं वंशावळ छापायला काढली. तुमच्या नावानं, पहिल्या पानावर तुमचा फोटो. फाईल मला मागितली. जे गेलं होतं ते मी फोन करकरून परत भरलं; जिवंत माणसं सांगतात, दोनदा विचारलं तर चिडतात पण सांगतात. पुणतांब्याची म्हातारी मात्र तुमच्यानंतर वर्षभरात वारली; तोवर तिच्यापुढं जायचं धाडस मला झालं नव्हतं. आत्या फोनवर म्हणाली, "तिघी हुत्या येवढं म्हाईत हाय. नावं आयनं मास्तरांनाच सांगितली, मरताना बी म्हनाली, मास्तरांनी लिव्हून घेतल्यात. तुज्याकडं असत्यालच की." मी म्हणालो, आहेत, आत्या.

तीन रिकामे चौकोन महिनाभर तसेच ठेवले. रिकामं सोडता आलं असतं. खरं सांगता आलं असतं. छपाईवाला घाई करत होता, आणि एका सकाळी सुप्याच्या फाट्यावर चहा पिताना समोर एक टेम्पो थांबला, त्याच्या पाठीवर टेम्पोच्या मालकानं आपल्या तीन पोरींची नावं रंगवून घेतली होती, खाली एक मोर. मी मोबाईलवर ती नावं उतरवून घेतली. संध्याकाळी फाईलमधे भरली. त्या दिवशी बॅकअप मात्र तीन घेतले, तीन ठिकाणी, तारखेसकट.

परवा आत्याचा फोन आला. नातवाला मुलगी झाली, बारशाला ये. गेलो. आत्यानं ते पुस्तक लाल फडक्यात बांधून ठेवलंय. बायकांना पान उघडून दाखवत होती, वाचता येत नाही तरी बोट बरोबर ओळीवर. "ह्या माज्या भैनी," म्हणत होती. "सत्तर वरसं मला म्हाईत नव्हतं, कुनाच्या पाठची हाय मी." मग बाळाच्या आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, थोरलीचं, टेम्पोवरचं पहिलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, सगळ्या हसल्या. माझ्या ओंजळीत घुगऱ्या ठेवत माझी आत्या म्हणाली, "आयचं राहिल्यालं आज झालं बग. तुज्या बापामुळं." मी मान डोलावली. पाळण्याची दोरी माझ्या हातात आली तेव्हा बाकीच्यांसारखी मीही तिला त्याच नावानं हाक मारली.

इतकी वर्षं मी शोधत होतो. तुमच्या शर्टांचे खिसे, जुन्या डायऱ्या, एखादी विसरलेली सीडी. ती तीन खरी नावं कुठून तरी निघावीत म्हणून. कपाटातली शेवटची पेटी अजून उघडायची राहिलीय. परवापासून मला वाटतं, तिच्यात ती न निघालेलीच बरी.