निकोल्यदानची परीक्षा

नोवी साद,
४ डिसेंबर

ती. देसांकाताईस,
तिहोमिरचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. फोनवर बोललं की तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून पत्रच बरं. वर्गात बाकीचे सगळे पंचविशीतले. मला काका म्हणतात, आणि मी चष्मा शोधायला लागलो की हसतात. शिकवायला हॉलंडच्या हेंड्रिकाबाई आहेत. कंपनीनं जे फ्रेमवर्क शिकायला पाठवलंय, ते म्हणजे धंद्याच्या सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा. ऑर्डरी, गोदाम, बिलं सगळं त्यात आयतं असतं. गिऱ्हाइकाला हवा तो बदल वेगळा लिहून त्याला जोडायचा, मूळ कोडला बोट लावायचं नाही. मी इतकी वर्षं नेमकं तेच करत आलोय. पिठाच्या गिरणीला वेगळं बिल हवं? घातला हात मुळात! आता नवी आवृत्ती आली की माझं सगळं काम पुसलं जाणार.

रादिशा मालकांनी निघताना सांगितलं की शेवटची परीक्षा पास झालो तर काम माझ्याकडे राहील, नाही तर फोन उचलायला बसायचं. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?

परीक्षा एकोणीस तारखेला आहे. हो, निकोल्यदानच्याच दिवशी, आपल्या घरच्या स्लावेला. आता ओरड.

ओरडून झालं की लोभ असू दे.

तुझा
तिहोमिर


किकिंडा,
७ डिसेंबर

चि. तिहोमिरास अ. उ. आ.

ओरडतेच. अरे, स्लावा म्हणजे काय तुझा वाढदिवस आहे, रविवारी करू म्हणायला? घराण्याच्या संताचा दिवस तो! बाबांनी जाताना स्लावेची मेणबत्ती तुझ्या हातात दिली, माझ्या नाही. पाव मी भाजते, कार्प मासा मी तळते, पाहुण्यांची भांडी मी घासते. पाद्रीबुवांसमोर उभं राहून पाव कापायला तेवढा तू लागतोस, आणि तेवढंही तुला जमेना!

बाईंना तारीख बदलायला सांग. तोंड नाही का तुला? लोक दारात येऊन परत गेले तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आपल्या घरात स्लावा चुकलेली नाही, लढाईच्या वर्षांतसुद्धा नाही.

लोकरीचे मोजे घाल. राग आहे, त्याच्याखाली लोभही आहे.

ताई


नोवी साद,
११ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

विचारलं. बाई थक्कच झाल्या. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांची स्लावा त्याच दिवशी, आणि तारीख उन्हाळ्यापासून माहीत असूनही एकानं त्यांना सांगितलेलं नाही. निकोल्यदानला कोण कामावर येतं, हे काय सांगायचं असतं, असं जो तो धरून चाललेला. त्यात मीही आलोच. आता तारीख हलत नाही. पोरं निवांत आहेत, परीक्षेला जायचंच नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय. त्यांना छप्पन्न नोकऱ्या मिळतील.

ताई, मी बसतोय. पाव तू काप. घरात पुरुष नसला तर बाईनं कापावा, असं पाद्रीबुवा मागे एकदा म्हणाले होते. मला लाज वाटते आहे, पण मी येत नाही.

जमलं तर लोभ ठेव.

तिहोमिर


नोवी साद,
१९ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

परीक्षेला मी आणि एक हंगेरियन मुलगी, पिरोश्का, दोघंच. तिच्या लोकांत स्लावा नसते. मोकळ्या बाकांकडे बघून हेंड्रिकाबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. परत आलेला माल गोदामात घेण्याआधी दुसऱ्या माणसाची मंजुरी लागावी, एवढं करायचं होतं. हात सारखा मूळ कोडकडे जात होता. तुमची पावाची वेळ झाली तेव्हा तर डोकं पार बंद पडलं. पण पास झालो. काठावर का होईना, नोकरी वाचली.

आनंद म्हणावा तसा झाला नाही. कोणी आलं का? कापलास का पाव? दोन ओळी तरी लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा
तिहोमिर


किकिंडा,
२२ डिसेंबर

चि. तिहोमिरास अ. उ. आ.

पास झालास, देव पावला.

कापला रे. पाद्रीबुवांनी आधी दाराकडे पाहिलं, मग पाव माझ्यापुढे धरला. मी त्यावर सुरीनं क्रॉस कापला, मग आम्ही दोघांनी तो फिरवला, वर वाइन ओतली, आणि तो माझ्या हातात तुटला. मला रडूच फुटलं. जन्मभर मी तो पाव भाजतेय, पण तो तुटताना हाताला कसा लागतो ते मला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी तुझे रादिशा मालक आले. मासा दोनदा वाढून घेतला. तू परीक्षेला बसलायस म्हटल्यावर घास हातातच राहिला. म्हणाले, आज? एका शब्दानं बोलला असता तर मी त्याला जानेवारीतल्या तुकडीत घातला असता. म्हणजे त्यांनाही तू सांगितलं नव्हतंस! त्यांना आपोआप कळेल असंच ना? धन्य आहेस बाबा.

रागावणार होते, पण राग येईना. तू तोंड उघडलं असतंस तर मी यंदाही चुलीपाशीच राहिले असते. म्हणून आत्ताच सांगून ठेवते, मनातल्या मनात धरून चालणारे मूर्ख आपल्या घरात एक पुरे. पुढच्या निकोल्यदानला ये. पाहुण्यांत बस, पोटभर जेव, भांडी तू घास. पाव मी कापणार.

लोभ आहे तो आहेच.

तुझी
ताई