पाणी थांबेपर्यंत

ता. १२ जानेवारी १९०९, जुन्नर

सितारानं पाटी फोडली. स्वतःची नव्हे — शेजारच्या सुंदराची! सुंदरानं म्हणे तिचं गणित पुसलं. हेडमास्तर चिमाजीराव ओरडले, "पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टरसाहेब यायचेत, त्यांच्यापुढं असला तमाशा झाला तर नाव काढून टाकीन!" नाव गेलं की तिचा चुलता पीरमहंमद तिला घरी बसवणार. चौदा वर्षांची मुलगी, सबंध शाळेत हुशार, पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचं म्हणते. आणि हा गृहस्थ नाव काढणार!

मी याच शाळेतून प्रकृतीच्या कारणानं निवृत्त झालेली बाई. पण प्रकृती अजून एवढी बिघडलेली नाही! संध्याकाळी तिला घरी बोलावलं आहे.

ता. १६

कॉन्व्हेंटात सिस्टर शिकवीत तसंच शिकवलं — राग आला की गिळायचा, मनात शंभरपर्यंत मोजायचं.

ता. १८

शंभर मोजले. एकशे एकाला दुसरी पाटी फोडली!

ता. २३

सिताराला घेऊन तिची आजी हाजराबी हिच्याकडे गेले. घरचा धंदा हातकागदाचा; नवरा वारल्यापासून कागदाच्या हौदावर तीच बसते. मी रागाचं सगळं सांगितलं. तिनं काठीनं हौदातला चिंध्यांचा लगदा ढवळला आणि हात आखडून बसली. मी म्हटलं, बुडवा ना साचा, काढा कागद! "आता न्हाई, बाई. पाणी नाचतंय. आता बुडवला तर कागद एकीकडं जाड, एकीकडं भोक." मग सिताराकडे वळून — "ढवळायचं तर लागतंच गं. न्हाईतर लगदा तळाला बसतो. फकस्त पाणी थांबंस्तवर थांब."

म्हणजे राग गिळायचाच नाही! चार वर्षं कॉन्व्हेंटात गुडघे सोलून घेतले, हे एकीनंही सांगितलं नाही!

ता. ३१

सितारा रोज हौदावर. पहिले पाच कागद भोकाचे. आज सात अखंड!

ता. ९ फेब्रुवारी

इन्स्पेक्टरसाहेब आले. मी आगाऊपणे मागच्या बाकावर जाऊन बसले. सिताराचं गणित बरोबर आलं, तर चिमाजीराव हसत म्हणाले, "चिंध्या कुटणाऱ्यांची पोर, पण डोकं बरं आहे!"

तिची मूठ वळली. मी डोळे मिटले. पाटी फुटेना. उघडून पाहते तर ती खाली बघते आहे — हौदात बघावं तशी. मग मान वर. "व्हय, मास्तर. तुमचं हजेरीबुक त्याच चिंध्यांचं हाये."

साहेब इतके हसले की चष्मा पडला! जाताना शेरा लिहिला — ही मुलगी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवावी. चिमाजीरावांच्याच हजेरीबुकाशेजारी बसून! पीरमहंमदनं पेढे वाटले. मी तीन खाल्ले.

ता. १०

सितारानं विचारलं, "बाई, तुमी शाळा का सोडली?" अकरा वर्षं सगळ्यांना प्रकृती सांगत आले. तिला खरं सांगितलं — चिमाजीरावांवर दौत फेकली होती. भरलेली.

ती थांबली. चांगली थांबली. मग म्हणाली, "लागली का?"