हत्तीण विकायच्या आधी

सोमवार, बारा तारीख, दुपार

प्रिय दादा,

शाळेत पत्राची सुरुवात कशी करायची ते शिकवलं होतं. त्यातली अर्धी अक्षरं मी विसरलो आणि उरलेल्या अर्ध्यांचा अर्थ तेव्हाही कळला नव्हता. म्हणून साधा नमस्कार घे. आम्ही इकडे बरे आहोत. तूही बरा असशील, क्रेनवर चढताना खाली बघत नसशील.

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यातून चोरला. तिला माहितीय, कारण तिनेच डबा टेबलावर उघडा ठेवला आणि शेजारी जाऊन बसली. आपल्या आईला चोरी पकडता येत नाही, पण करवून घेता येते.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर तू माझा उचलत नाहीस. आणि फोनवर मी कुणाच्याही आवाजात बोलू शकतो. कागदावर माझा एकच आवाज आहे. अक्षरही एकच, तेही कोंबडीच्या पायाचं.

बातमी अशी की हत्तीण, आपलं चाकांवरचं घर, विकायला काढलीय. बाबांच्या डाव्या डोळ्यात धुकं धरलंय. डॉक्टर म्हणाले, बाजारात जायचं तर चालत जा, सात मीटरच्या मोटरहोमचं नाव काढू नका. बाबांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि मागच्या अंगणात तिची चाकं पुसत बसले. गिऱ्हाईकही मिळालंय. दातांची एक डॉक्टरीण आणि तिचा नवरा, शनिवारी न्यायला येणार. बघायला आले तेव्हा नवऱ्याने संडासाचं दार उघडून विचारलं, "हे सगळं जातं कुठं?" बाबा म्हणाले, "खालच्या डब्यात." तो म्हणाला, "आणि डबा?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "डबा घेऊन एक माणूस जातो. तुम्ही दोघंच आहात, म्हणजे तुम्हीच." नवऱ्याने संडासाचं दार परत लावलं. बायको हसली. ती नीट वागवेल हत्तिणीला असं वाटतं.

मी हे हत्तिणीतच बसून लिहितोय, जेवायच्या टेबलावर, तुझ्या खिडकीच्या बाजूला. फ्रिजचं दार चमचा लावून उघडं ठेवलंय, बुरशी नको म्हणून. बॅटरीला चार्जर लावलाय. नळ्यांतलं पाणी काढून टाकलंय. सगळं तू लिहून ठेवलं होतंस तस्संच. तुझा कागद अजून कपाटाच्या आतल्या बाजूला आहे. बाबांनी तो काढला नाही.

ती आली तो दिवस आठवतो? कुणा हॉटेलवाल्याने हौसेने घेतली, दोनदा फिरवली आणि कंटाळून बाबांना स्वस्तात दिली. चामड्याच्या खुर्च्या, छतातून खाली उतरणारा पलंग, गरम पाण्याची अंघोळ. आई पहिल्यांदा आत चढली ती चपला हातात घेऊन. गल्लीतल्यांना वाटलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला घबाड सापडलं. बाबा सगळ्यांना एकच सांगायचे, "तीस वर्षं वर-खाली केलं. आता आडवं जायचंय."

आणि गेलो की आपण आडवे. तळ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याला, एकदा तर रस्ता चुकून सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकात. तिथेही आईने टेबलावर पाण्याचा पेला ठेवून गाडी सरळ आहे का बघितलंच. पेल्यातलं पाणी सरळ झाल्याशिवाय चहा नाही, हा तिचा कायदा. तू पाचरी घेऊन चाकाखाली, बाबा इंचभर पुढे, इंचभर मागे, आणि आई आतून, "अजून तळं उजवीकडे कललंय."

डब्याच्या चिठ्ठ्यांचं आता सांगून टाकतो. दर मुक्कामाला डबा कुणी रिकामा करायचा याच्या चिठ्ठ्या मी करायचो. तिन्हींवर तुझंच नाव असायचं. तू एकदाही बाकीच्या दोन उघडून बघितल्या नाहीस. भला माणूस असणं कसं महागात पडतं बघ.

दार उघडं राहिलं की गाडी टीं टीं करायची, तो आवाज मी काढायचो, तेही आठवत असेल. बाबा एका घाटात चार वेळा उतरले होते. शेवटी आई म्हणाली, "दार नाही हो, आपलं पोरगं उघडं राहिलंय." तू इतका हसलास की तुला उचकी लागली. तेव्हा मला बाईचा, पोराचा, मांजराचा, सगळ्यांचा आवाज यायचा. बाप्याचा तेवढा यायचा नाही. मग माझा आवाज फुटला आणि सगळंच गेलं. वर्षभर मी तोंड उघडलं की गंजलेलं फाटक उघडायचं. बाकी सगळे मला चिडवायचे. तू नाही चिडवलंस. तू म्हणालास, "येईल परत. नवा येईल."

आई हाक मारतेय. उद्या लिहितो.

मंगळवार

काल वाचून बघितलं. नमनाला घडाभर तेल झालंय. चिठ्ठ्यांचं कबूल केलं ते का, तुला कळलं असेल. लहान चोरी कबूल करून बघत होतो, मोठी निघते का.

आपला निघायचा नियम. गाडी हलायच्या आधी बाबा पुढून विचारणार, ज्याचं काम त्याने उत्तर द्यायचं. "कपाटं बंद?" आई, "झाली." "पायरी आत?" मी, "झाली." "सावली आत?" म्हणजे बाहेर ओढलेलं ते कापडी छप्पर, त्याला आपण सावली म्हणायचो. तू, "झाली." मगच किल्ली. हे बाबांनी लिफ्टच्या खड्ड्यातून आणलं होतं. खाली माणूस असतो, वरच्याला दिसत नाही, त्याचा आवाज आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बाबा म्हणायचे, "डोळे फसतात. साथीदाराचा आवाज फसवत नाही."

तळ्याकाठची ती शेवटची सकाळ. सावली दवाने ओली होती म्हणून तू ती वाळायला ठेवलीस आणि पाण्याची नळी परत द्यायला नळाजवळच्या रखवालदाराकडे गेलास. मी मागच्या पलंगावर लोळत होतो. मला वाटलं तू ती गुंडाळून गेलास. खिडकीतून मान वळवली असती तर दिसलं असतं. नाही वळवली. सावलीच्या बाजूच्या आरशावर टॉवेल वाळत होता, तोही माझाच.

बाबांनी विचारलं, "सावली आत?"

कुणी बोललं नाही.

दादा, आदल्या दिवशी मी तळ्यात पोहताना एकटाच ओरडून बघत होतो आणि अचानक तुझा आवाज निघाला होता. हुबेहूब. नवा आला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं, चांगली संधी बघून काढणार होतो. ती संधी मला ती वाटली. गाडी सुरू होईल, तू नळी गळ्यात घेऊन मागे धावत येशील, आपण उचकी लागेपर्यंत हसू. एवढाच विचार होता. तू बोलायच्या आधी घसा खाकरतोस ना, तोसुद्धा खाकरला.

"झाली."

पुढचं तुला माहितीय. सावलीचा पाय दिव्याच्या खांबाला अडकला आणि हत्तिणीची कूस वरपासून फाटली. तू धावत आलास, नळी खरंच गळ्यात होती. बाबा म्हणाले, "झाली म्हणालास."

"मी? मी नळावर होतो."

"माझ्या कानांनी ऐकलं."

आई म्हणाली, "मीही ऐकलं रे."

मग तू माझ्याकडे बघितलंस. चार वर्षं मी तेच बघणं बघतोय. तुला संशय आला होता का, की तू नुसता आधार शोधत होतास, मला कळलेलं नाही. मी म्हणालो, "हो, मीपण ऐकलं."

आवाज काढला ती थट्टा होती. हे वाक्य थट्टा नव्हतं. भीती वाटली म्हणून बोललो, असं स्वतःला सांगून बघितलं. भीती दुसऱ्या दिवशी गेली होती, मी तेव्हाही गप्प राहिलो.

बाबा तुला म्हणाले होते, "चूक मी पोटात घालेन. न बघता झाली म्हणणारा आणि वर नाही म्हणणारा माणूस माझ्या खड्ड्यात उभा राहायला नको." महिन्याभरात तू गेलास. आईला दर रविवारी फोन करतोस, हवापाणी विचारतोस, मांजराचं विचारतोस, बाबांचं नाही.

बाबांनी ती कूस एकट्याने शिवली. दोन वर्षं, कामावरून आले की संध्याकाळी. पाणी आत शिरून फळ्या फुगल्या होत्या, सगळ्या बदलल्या. मी फळी धरून उभा राहायचो. एकदा ते म्हणाले, "हे काम त्याच्या हाताला बसलं असतं." मी फळी धरून उभाच. हत्तीण पूर्ण नीट झाली आणि एकदाही बाहेर काढली नाही.

ती शनिवारी गेली की हे सांगायला जागाच उरणार नाही. म्हणून लिहितोय. पण आधी तुला लिहून नंतर बाबांना सांगणं म्हणजे पुन्हा पाठीमागूनच बोलणं. उद्या सकाळी त्यांना सांगतो. धीर झाला नाही तर हे पत्र तुला मिळणारच नाही.

बुधवार

सांगितलं.

ते शिडीवर होते, छताच्या सांध्यांना रबराचा लेप लावत होते. विकायची गाडी, तरी. मी खालून बोललो, कारण ते वर असताना मला मारता येणार नाही असा हिशोब होता. सगळं बोललो, तुझ्याकडे बघून म्हणालो तेसुद्धा. त्यांनी तो सांधा टोकापर्यंत पुरा केला. उतरले. हात धुतले. चालकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मागे जा. पलंगावर."

मी गेलो.

"सावली आत?"

मी म्हणालो, "बाबा, नको."

"सावली आत?"

मग मी घसा खाकरला आणि तुझ्या आवाजात बोललो. बाबा हलले नाहीत. मागून मला फक्त त्यांचे कान दिसत होते. ते म्हणाले, "परत." मी परत बोललो. "परत." चौथ्यांदा मला कळलं की ते आता तपासत नव्हते. चार वर्षांनी तुला ऐकत होते.

पाचव्यांदा जमलं नाही. रडायला आलं की आवाज माझाच निघतो.

ते म्हणाले, "आयुष्यभर आवाजावर माणसं सोडली खड्ड्यात. घरातला ओळखता आला नाही." आणि मग, "तुला मी नंतर बघतो. आधी त्याला कळव."

आईला आत जाऊन मी सांगितलं. तिने कणीक मळायची थांबवली नाही. एवढंच म्हणाली, "मी ऐकलं म्हणाले नसते तर?" याचं उत्तर तुला येत असेल तर रविवारी तिला सांग.

दुपारी बाबांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला, पंधरा दिवस थांबा म्हणाले. त्या कारण विचारत होत्या. बाबा म्हणाले, "एक सफर राहिलीय. चालवणारा यायचाय." यायचाय की नाही हे आम्हाला माहीत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते तुझ्या हातात आहे. नाही आलास तरी कुणी तुला काही म्हणणार नाही. म्हणायचा हक्क या घरात कुणाला उरलेला नाही, मला तर नाहीच.

त्यानंतर ते माझी जुनी वही आणि पेन घेऊन पुन्हा पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. तासभर. सहा कागद चुरगाळलेले मी मोजले. सातवा घडी करून मला दिला, म्हणाले, "हाही घाल पाकिटात." मी उघडून बघितला, सवय वाईट. वर तारीख आहे, खाली तुझं नाव आहे, त्याखाली पान कोरं आहे.

मी म्हणालो, "बाबा, यात काही लिहिलंच नाहीये."

म्हणाले, "माहितीय. तसाच घाल."

घातलाय. जपून उघड, पातळ कागद आहे.

मला उत्तर नको. लिहायचं झालं तर त्यांना लिही. माझ्यावरचा राग पत्रात लिहून संपवू नकोस, घेऊन ये. मी कुठे पळत नाही.

खोटं बोलून तुझी जागा रिकामी करणारा, आणि रोज त्याच जागेवर बसून जेवणारा,
तुझा धाकटा