अठ्ठावन्न किलो, छत्तीस पायऱ्या

१२ जानेवारी, सोमवार

हात वर जात नाहीयेत. वेणी चैतालीताईकडून घालून घेतली — तेविसाव्या वर्षी!

दोष तिचाच. माझी मावसबहीण. नोव्हेंबरपासून मी तिच्याकडे विश्रांतवाडीत पडून आहे. गोव्याच्या हॉस्टेलमधलं काम सुटलं, त्याआधी हंपीचं, त्याआधी कॉलेज. काल म्हणाली, "पायल, माझी जिमची मेंबरशिप वाया चाललीये. तू जा. सोफ्याला तुझा आकार आलाय." ट्रेनर तेजससरांनी तिचं नाव खोडून माझं लिहिलं. "तीन महिन्यांत बघा, मॅडम!" असं रोज किती जणींना म्हणत असतील.

अकराच्या बॅचला सगळ्या बायकाच. त्यात एक पन्नाशीच्या. सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट. मला वाटलं, मुलीला सोडायला आल्या असतील. तर त्या थेट बारखाली गेल्या, चाळीस किलो खांद्यावर घेतले, खाली बसल्या आणि उठल्या. दहा वेळा! तोंडातून आवाज नाही. मी बघत राहिले. माझ्या हातात नुसती पाण्याची बाटली होती, तीही जड झालेली.

नाव नंदाताई.

१३ जानेवारी

नाही गेले. दुखतंय.

१४ जानेवारी

नाही गेले. तिळगूळ खाल्ला.

१५ जानेवारी

गेले. नंदाताईंनी वळून बघितलं. "दोन दिवस कुठे?"

"अंग दुखत होतं."

"असं. आमचं अंग गाणी म्हणतं वाटतं."

२२ जानेवारी

चैतालीताईचं पितळी पातेलं कल्हईला द्यायचं होतं. कसबा पेठेत गेले, ते करून घेऊन अकरापर्यंत परत यायचं ठरवून. शेजारच्या दुकानात एक आजोबा तांब्याचा बंब ठोकत होते. एक ठोका, किंचित सरकायचं, पुन्हा एक ठोका. बसले पायरीवर. दोन वाजले! शेवटी आजोबाच म्हणाले, "आपण गिऱ्हाईक आहात, की वर्ग लावलाय?"

जिम बुडाली. पातेलंही तिथेच राहिलं, आणायला परत जावं लागणार.

२३ जानेवारी

नंदाताईंना खरं ते सांगितलं — मूड लागला की मी काहीही करते, पण तो लागतच नाही.

"मूड कशाला लागतो? भांडी काय मूड आला की घासतेस?"

(भांडी मी चैतालीताई ओरडली की घासते. हे बोलले नाही.)

मग जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, "ज्या दिवशी काहीच होत नाही, त्या दिवशी रिकामा बार उचलायचा. काही न लावता. पण यायचं." झालं, एवढंच त्यांचं शास्त्र. मी मोबाईलवर जिमवाल्यांचे शंभर व्हिडिओ बघितलेत, त्यातला एकही आठवत नाही. हे आठवतंय.

३ फेब्रुवारी

आज कळलं! इतके दिवस मला वाटत होतं, त्या बारीक व्हायला येतात.

चहाला घरी नेलं. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीशी पलंग आणि पलंगावर त्यांचे मिस्टर, भीमरावकाका. मार्केट यार्डात एकतीस वर्षं हमाल होते. दीड वर्षापूर्वी लकवा आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हॉस्पिटलमधून वर आणलं तेव्हापासून खाली उतरलेले नाहीत. शेजारी म्हणतात, खुर्चीत बसवू, चौघं जण उचलू, दोन मिनिटांचं काम. काका ऐकत नाहीत. माझ्यासमोरच म्हणाले, एकेक शब्द शोधत —

"चौघांच्या खांद्यावरून एकदाच जाईन. तेव्हा इचारू नका."

नंदाताई कप विसळत होत्या. वळल्याही नाहीत. "म्हणून मी नेणार. पाठीवर. एकटी."

चौदा एप्रिलला, जयंतीला. चाळीस वर्षांत काकांनी चौकातली जयंती चुकवली नव्हती. गेल्या वर्षी नुसता आवाज ऐकला, कारण खिडकी मागच्या बाजूला आहे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी जिमला नाव घातलं.

काका अठ्ठावन्न किलो. पायऱ्या छत्तीस.

येताना चौकात उगाच थांबले. हे कुणाला तरी सांगायचं होतं. कुणी ओळखीचं नव्हतं — म्हणून वहीत.

११ फेब्रुवारी

तेजससरांना कळलं. मीच बोलून गेले! "ताई, हे मॅडनेस आहे! पाय घसरला तर दोघंही जाल!"

नंदाताई म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकवणार का यूट्यूबवर बघू?"

 सरांनी वाळूची पिशवी आणली. आता नंदाताई ती पाठीवर घेऊन ठोकळ्यावर चढ-उतार करतात. मीपण करते, छोटी पिशवी घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

गेले.

२१ फेब्रुवारी

गेले. चाळीस किलो घेऊन बसले आणि उठले! तेजससर ओरडले, सगळ्या बायका वळल्या. नंदाताई म्हणाल्या, "कोपर आत." त्यांच्याकडून हे शाबासकीसारखंच.

५ मार्च

आज तालीम. वाळूऐवजी खरं माणूस — म्हणजे मी, बावन्न किलो. नंदाताईंनी मला पाठीवर घेतलं, भिंतीपासून आरशापर्यंत जायचं. नवव्या पावलाला गुडघे वाकले आणि दोघी मॅटवर आडव्या. मला हसू आवरेना.

त्या नाही हसल्या.

साठ किलोचा बार त्या सहज घेतात आणि मी बावन्नची नाही पेलवत? तेजससरांनाही सांगता येईना. नंदाताई चपला घालून गेल्या. पहिल्यांदाच पाणी न पिता.

चाळीस दिवस राहिलेत.

६ मार्च

वाटलं होतं, येणार नाहीत. आल्या. रिकामा बार उचलला आणि गेल्या.

मी काकांकडे गेले. कालचं सगळं सांगितलं. काका गालातल्या गालात हसले, अर्धंच हसू उमटतं. "लोखंड दोन्हीकडनं सारखं असतंय. माणूस तसा नसतो, पोरी. उद्या यार्डात जा. भुसारात, धान्याच्या गाळ्यांकडं. पोरं पोतं कसं घेत्यात, बघून ये."

७ मार्च, शनिवार

मार्केट यार्ड! मध्ये फुलबाजारात तास गेला, झेंडूचे ढीग बघण्यात. पण पोचले.

ट्रकच्या मागच्या फाळक्याशी दोघं उभे, तिसरा खाली पाठ करून. तो पोत्याला हात लावतच नाही. गुडघ्यात वाकतो आणि सरकत पोत्याखाली जातो. दोघं सोडतात ते थेट मानेखाली, वर. आणि वजन आलं की तो थांबत नाही, लगेच चालायला लागतो. त्यांच्यातला एक म्हातारा भीमरावकाकांना ओळखत होता. म्हणाला, "भीमा? त्याच्या पाठीवरून साखरेचा कणसुद्धा सांडला नाही कधी." मग मान वळवून नाक शिंकरत बसला.

मी हे सगळं काकांना करून दाखवलं, त्यांच्याच पलंगासमोर, उशी पाठीवर घेऊन. काका नंदाताईंना म्हणाले, "तू मिठी मारतीस. पोत्याला मिठी मारायची न्हाय. खाली जायचं."

"एकतीस वर्षं सांगितलं नाहीत ते!"

"तू इचारलं न्हाईस."

९ मार्च

काका पलंगाच्या कडेला बसले. नंदाताई पाठ करून खाली वाकल्या, सरकल्या. मी आणि तेजससरांनी काकांना वर दिलं, जुन्या पातळाने बांधलं. नंदाताई उठल्या. चालल्या. पलंगापासून मोरीपर्यंत आणि परत.

काका त्यांच्या कानाशी एकच शब्द म्हणाले. काय, ते दोघांनीही सांगितलं नाही.

मला त्या बाईचे पाय पडताना बघायला आवडतं. घाई नाही. जमिनीला विचारून टाकल्यासारखे.

२४ मार्च

मनालीहून निरोप आला, तिथल्या हॉस्टेलला माणूस हवाय, बावीस एप्रिलपासून. मी उडी मारून हो म्हटलं, एकोणीस एप्रिलची, रविवारची बसही बुक केली. डोंगर! थंडी! इथे तर पंखा गरम हवा फेकतोय.

मग सहज मोजलं — दहा आठवडे झाले. दहा आठवडे एकाच ठिकाणी एकच गोष्ट मी कधी केली नव्हती. परीक्षा नाही, नोकरी नाही, प्रेम तर नाहीच नाही.

नंदाताईंना मनालीचं सांगितलं. "छान असेल," म्हणाल्या आणि बारला प्लेट लावायला लागल्या.

६ एप्रिल

नंदाताईंना ताप. तरी आल्या. रिकामा बार. सर म्हणाले घरी जा, तर म्हणाल्या, "घरीच जातेय. वाटेत जिम लागली."

१३ एप्रिल

पहिल्या मजल्यापर्यंत उतरून बघायचं ठरलं होतं. काका नाही म्हणाले. "तालमीत उतरणार न्हाय. उतरलो तर उद्याच."

मला भूक नाही. आणि उतरायची तर मी नाहीच!

१५ एप्रिल, बुधवार

कालचं आज लिहितेय. काल हात पेन धरायच्या लायकीचे नव्हते.

दुपारी चार. नंदाताई पांढऱ्या पातळात, काका पांढऱ्या सदऱ्यात, दाढी गुळगुळीत. बिल्डिंगमधले सगळे दाराशी. तेजससर पुढे उलटे उतरत होते, मी मागून काकांचा सदरा धरून. काका मोजत होते. जड जिभेने — एक, दोन, तीन. नंदाताई जिन्याच्या वळणावरही थांबल्या नाहीत. छत्तीस म्हणताना काकांचा आवाज चिरकला. खाली व्हीलचेअर होती. टेकले. कुणीतरी "जय भीम!" म्हणालं आणि सगळी गल्लीच म्हणाली.

चौकात निळे झेंडे, ढोल, गर्दी. यार्डातली माणसं आली होती. काकांनी डाव्या हाताने पुतळ्याला हात जोडल्यासारखं केलं, मग नंदाताईंनी त्यांचा उजवा हात उचलून डाव्याला लावून दिला. मी दुसरीकडे बघितलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत.

सात वाजता परत आलो, जिन्यापाशी आलो — आणि चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

चढायचं कसं?

इतके महिने उतरायचाच विचार! चढायचा एकाच्याही डोक्यात आला नाही. नंदाताईंच्या नाही, सरांच्या नाही, माझ्या तर सोडाच. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "यार्डात माल टाकला की रिकामंच परतायचं असतंय." आणि हसायला लागले. अर्ध्या तोंडाने, पण किती वेळ!

नंदाताईंनी पहिल्या नऊ पायऱ्या चढवल्या. वळणावर त्यांच्या मांड्या लटपटायला लागल्या. शेजाऱ्यांनी आणलेल्या स्टुलावर काकांना बसवलं. खालून चार माणसं आली. "काका, आता तरी ऐका." काका — "न्हाय." नंदाताईंचा चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, आता संपलं सगळं. रात्र जिन्यात.

मग काकांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, तू किती उचलतीस?"

"पंचावन्न."

"मी अठ्ठावन्न हाय."

मी पाठ केली. वाकले. नंदाताई आणि सरांनी दोन बाजूंनी काकांना वर दिलं, यार्डातल्यासारखं. वजन मानेखाली आलं आणि मी थांबले नाही. काका कानाशी मोजत होते. नऊ! पुढच्या नऊ सरांनी घेतल्या, इस्त्रीचा शर्ट फाटला काखेत. शेवटच्या नऊ पुन्हा नंदाताईंनी. उंबरा त्यांनीच ओलांडला.

पलंगावर टेकल्यावर काका म्हणाले, "तिघं होते. चौघं न्हाय." आणि झोपले.

नंदाताईंनी मला भाकरी वाढली. माझा हात वर जाईना, तर त्यांनी घास मोडून दिला. कोपर आत, वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

१७ एप्रिल, शुक्रवार

अकराला नंदाताई बारखाली. म्हटलं, "आता कशाला? झालं की!"

"ह्यांना जिम बघायचीय."

जिम तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तेजससर जाऊन मोजून आले, चौपन्न पायऱ्या.

रविवारची बस रद्द केली. मधल्या अठरा माझ्या.