तळाशी बसलेलं

ती. आईला, लांबूनच पण अगदी वाकून नमस्कार.

आज माझा तास असा रंगला की काय सांगू! मिठाच्या पाण्यात चांदीच्या क्षाराचं पाणी ओतलं आणि फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका तळाशी बसला. मग मुलींना आयनांचं समीकरण लिहायला लावलं. पाण्यात सुटं फिरणारं जे दोन्ही बाजूंना जसंच्या तसं दिसतं, त्यावर काट मारायची.

एका चष्मेवालीने साकासुद्धा आयनांमध्ये फोडला. मग काय, दोन्हीकडे सगळं सारखंच! खोडता खोडता समीकरणच संपलं. "मॅडम, म्हणजे काही घडलंच नाही!"

म्हटलं, "अगं, समोर नळीत बघ की! तळाशी बसलंय ते फोडायचं नसतं. तेच तर लिहायचं असतं."

घरी येऊन तुझं पत्र वाचलं. "इकडे सगळं ठीक, तिकडेही ठीक असेल." मीही दर वेळी हेच लिहिते. दोन्हीकडचं ठीक खोडलं तर उरतं काय, सांग? तुझं अक्षर मात्र पत्रागणिक मोठं होत चाललंय. डोळे दाखवलेस का? दादाला सोबत ने, त्याची कटकट ऐकून घे.

माझं आधी सांगते. नोकरी झकास आहे, मुली जीव लावतात, खोलीत वारा भरपूर. फक्त जेवताना समोर कुणी नसतं, तेव्हा घास गिळवत नाही.

आता तू लिही. लहान अक्षरात जमत नसेल, तर हवं तेवढं मोठं लिही.

ठीक सोडून बाकी सगळं वाचायला बसलेली,
तुझी धाकटी