नानांची शेवटची ग्रामसभा

दि. ९ ऑगस्ट. सकाळी पाऊस, दुपारी उघडला. भेटायला चार जण आले. चहा दोनदा झाला.

तीर्थरूप रंजनाआत्यास,

सुतक असल्याने वर श्री लिहिलेला नाही. नमस्कारही तेराव्यानंतर करीन. गुडघ्याचे टाके निघाले का? तुम्हाला येता आले नाही आणि फोनवर ऐकू येत नाही, म्हणून नानांना परवा कसे नेले ते लिहितो.

नाना सरपंच असताना त्यांनी ठराव केला होता, की प्रेतयात्रा शाळेच्या अंगणातून न्यायची नाही, मुले घाबरतात. ओढ्याकडून वळसा घालावा. खाली स्वतः ओळ घातली, की हा ठराव पुढील कोणत्याही ग्रामसभेस बदलता येणार नाही. परवा ओढ्याला पूर होता. शाळा तर मुलांअभावी तीन वर्षे बंद आहे (आत शेळ्या बसतात, त्या घाबरत नाहीत). तरी आताचा सरपंच मंगेश तिरडीपुढे हात पसरून उभा. "नानांचा शब्द आमी मोडायचा नाय." (नाना होते तोवर त्यांचा एक शब्द त्याने ऐकला नाही.) ग्रामसेवक म्हणाले, कालच्या सभेने उद्याच्या सभेचे हात बांधायचे, तर निवडणुका घ्यायच्या कशाला? तेव्हा मंगेश हळूच म्हणाला, "मग माझी कमान पण उद्या कोन पाडंल!" गावच्या कमानीला त्याने स्वतःचे नाव दिले आहे आणि त्या ठरावाखाली नानांचीच ओळ उतरवून घेतली आहे.

अखेर तिरडी शाळेच्या फाटकाशी टेकवून तिथेच ग्रामसभा भरली (नोटीस आधी द्यावी लागते, पण नाना तेवढे थांबले नसते). गणसंख्येला एक माणूस कमी पडला. मतदार यादीत नानांचे नाव अजून होते. म्हातारी सकुबाई म्हणाली, "हाय की हजर! जन्मात पयल्यांदा सभेत गप बसलाय. मोजा रे त्याला." मोजले. मत 'तटस्थ' लिहिले. नानांचा ठराव रद्द झाला आणि नाना अंगणातून गेले. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी "बरं" म्हणालो.

तुमचा भाचा,
हेमंत

ता. क. नव्या ठरावाखाली मंगेशने लिहिले, की हा रस्ता पुढील कोणत्याही ग्रामसभेस बंद करता येणार नाही. अनुमोदक मी.

आणखी एक. नानांच्या पेटीत कागद निघाला: 'माझ्या मागे घराला कधीही कुलूप लागू नये. हेमंत किंवा त्याच्या मुलांनी हे बदलू नये.' मला मुले नाहीत. तुमच्या वाशिंदच्या कारखान्यात काम मिळते आहे. तुमच्याकडे राहता येईल का? तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, कुलूप लावायला तुमची परवानगी पुरावी. लवकर कळवा.

घरात कुलूप नाहीच. दार नुसते ओढून घेतो आणि पत्र टाकायला किन्हवलीला जातो.